आधी तिथी विचारा

आमच्या महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर मार्च २०२४ पासून एक टंकलिखित कागद आहे. काचेआड असल्यामुळे तो फाटत नाही, फक्त पिवळा पडत चालला आहे. ‘विद्यार्थ्यांनी समुद्र, खाडी, तलाव अथवा नदी येथे कोणत्याही प्रकारची सहल काढू नये’ असा त्यावरील मजकूर. नव्याने दाखल झालेले विद्यार्थी तो वाचून हसतात. कुणाच्या पराक्रमामुळे तो कागद तेथे लागला हे त्यांना ठाऊक नसते. त्या पाच जणांपैकी मी एक. तेव्हा या विषयावर लिहिण्याचा थोडाफार अधिकार मला आहे असे मी मानतो. आणि तो कागद काढून टाकावा असे माझे मत आहे, हेही आरंभीच सांगून टाकतो.

प्रथम गुन्ह्याची कबुली देतो. २०२४ च्या फेब्रुवारीतला शेवटचा रविवार. आम्ही पाच जण: दोघे बोरिवलीचे, एक मुलुंडचा, एक घाटकोपरचा आणि मी अंधेरीचा. परदेशातले लोक कायाक नावाच्या अरुंद होडीत बसून एकट्याने गळ टाकतात आणि हातभर लांबीचे मासे ओढतात, अशी चित्रे आम्ही मोबाइलवर पाहिली होती. मनोरीच्या खाडीकाठी अशा होड्या भाड्याने मिळतात असा शोध आमच्यापैकी एकाने लावला. तयारी म्हणाल तर कडेकोट होती. गळ होते, नायलॉनची दोरी होती, आमिषाला कोलंबी होती, सँडविचे होती, निळ्या रंगाचे गॉगल होते. सकाळी दहाला भेटायचे ठरले. रेल्वेचा मेगाब्लॉक आणि मुलुंडकराची झोप या दोन कारणांनी साडेबारा वाजले. होडीवाल्याने पैसे मोजून घेतले, वल्हे कसे धरायचे ते दोन मिनिटांत दाखवले आणि “लांब जाऊ नका” असे म्हणून तो जेवायला गेला. लांब म्हणजे किती, ते त्याने सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

एक वाजता आम्ही निघालो तेव्हा खाडी तुडुंब भरलेली होती. तिवरांची खोडे पाण्यात बुडालेली, पाणी आरशासारखे स्थिर. पंधरा-वीस मिनिटांत होड्या आपसूक पुढे सरकू लागल्या. वल्हे हलकेच मारले तरी काठावरची झाडे भराभर मागे पडत होती. आपल्याला ही विद्या उपजतच येते असा आमचा ठाम समज झाला. आदल्या दिवशी माघ पौर्णिमा होती. म्हणजे ते उधाणाचे दिवस होते, आणि खाडीतले सगळे पाणी समुद्राकडे परत निघाले होते. आम्ही वल्हवत नव्हतो. आम्हाला नेले जात होते.

अडीचच्या सुमारास आम्ही खाडीच्या तोंडाशी आलो. मुलुंडच्या मित्राने नांगर टाकला आणि त्याची दोरी होडीच्या कुशीला, आपल्या हाताशी सोयीची म्हणून, बांधली. क्षणभर सारे ठीक वाटले. मग दोरी ताणली गेली, पाण्याच्या ओढीने होडी आडवी झाली, एका बाजूने कलली आणि मित्र पाण्यात. त्याचे लाइफ जॅकेट होडीच्या मागच्या पट्ट्याखाली नीट घडी करून ठेवलेले होते. उकडते म्हणून! पोहता येत असल्यामुळे त्याने होडी धरून ठेवली, पण पुन्हा आत कसे चढायचे हे पाचांपैकी एकालाही माहीत नव्हते. तेवढ्यात पश्चिमेकडून वारा सुटला. पाणी बाहेर चाललेले आणि वारा आत येणारा. त्या दोघांच्या भांडणात अशा उभ्या, आखूड लाटा उठल्या की परत फिरण्यासाठी जीव तोडून वल्हवले तरी काठावरचे एकच झाड पुन्हा पुन्हा दिसत राहिले.

साडेचारला मासळी घेऊन परतणाऱ्या एका कोळी होडीने आम्हाला पाहिले. त्यांनी मित्राला वर घेतले, आमच्या होड्यांना दोर बांधला आणि एक अक्षरही न बोलता ओढत आणले. तो अबोला आम्हाला फार लागला. जिथून निघालो होतो तिथे उतरताही येईना. पाण्याच्या जागी आता गुडघाभर चिखल होता. शेवटी फेरीबोटीच्या धक्क्यावर उतरलो. दिवसभरात मिळालेली मासळी: शिंगाळे, नग दोन. त्यातल्या एकाचा काटा घाटकोपरकराच्या तळहातात घुसला आणि तो रात्रभर कण्हत होता.

आता या कथेतली सर्वांत लाजिरवाणी गोष्ट सांगतो. मी भूगोलाचा विद्यार्थी आहे. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती आणि अष्टमीला भांगाची भरती येते, रात्री व पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात आणि दुपारी समुद्राकडून खारे वारे, हे सारे मी आकृतीसह लिहून त्याच वर्षी चांगले गुण मिळवले होते. माझ्या उत्तरपत्रिकेतला समुद्र आणि मनोरीचा समुद्र एकच आहे, हे मात्र मला कळले नव्हते.

पुढे माझ्या एका वर्गमैत्रिणीने मला तिच्या आजोबांकडे नेले. त्यांचे घर वर्सोव्याच्या कोळीवाड्यात आहे, आणि आयुष्यभर ते बोटीवर नाखवा होते. आमची हकीकत त्यांनी शांतपणे ऐकली. माझी अपेक्षा होती की ते होड्यांबद्दल विचारतील, लाटांबद्दल विचारतील. त्यांनी पहिला प्रश्न केला, “तिथी कोणती होती?”

मी म्हणालो, “आजोबा, रविवार होता.”

“वार नाय विचारला पोरा. दर्याला रविवार नसतो.”

मग त्यांनी जो हिशेब सांगितला तो इथे देतो, कारण तो आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरातल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत दडलेला आहे. तिथीचा आकडा घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी. मुंबईला पूर्ण भरती साधारण तितक्या वाजता असते, दुपारी आणि पुन्हा रात्री. प्रतिपदेला पाऊण, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. त्यात सव्वासहा तास मिळवले की ओहोटी संपण्याची वेळ. हे शास्त्राच्या फार दूर नाही. चंद्रामुळे भरतीची वेळ रोज सरासरी पन्नास मिनिटे पुढे सरकते आणि कोळ्यांनी पाऊण तास धरला आहे. हा ठोकताळा अर्धा-पाऊण तास, क्वचित त्याहून थोडा अधिक चुकतो, म्हणून छापील भरतीतक्त्याशी ताडून पाहावा. पण तक्ता हाती नसताना, पेन्सिलसुद्धा नसताना, ज्याला एवढे येते तो आमच्यासारखा प्रतिपदेला दुपारी एक वाजता खाडीत होडी लोटणार नाही. पाऊण वाजता पूर्ण भरती! म्हणजे आम्ही अगदी मुहूर्त काढल्यासारखे ओहोटीच्या तोंडावर निघालो होतो, आणि ती संपणार होती सातच्या सुमारास, सूर्यास्तानंतर.

दुसरा हिशेब ओढीचा. सहा तासांत पाणी सारख्या वेगाने उतरत नाही. उतरणाऱ्या एकूण पाण्याचे बारा हिस्से केले तर पहिल्या तासात एक हिस्सा उतरतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक. भरतीचेही तसेच. आम्ही खाडीच्या तोंडाशी पोचलो तो नेमका तिसऱ्या तासाचा आरंभ होता. निम्मे पाणी त्या मधल्या दोन तासांत जाते, आणि खाडीच्या अरुंद तोंडातून जाताना ते किती जोरात जात असेल याची कल्पना करा. माणूस कायाक वल्हवतो तासाला पाचेक किलोमीटर, तेही ताजातवाना असताना. उधाणात खाडीच्या तोंडाशी पाण्याची ओढ त्याला तोडीस तोड होते.

म्हणून माझे म्हणणे असे की सुरक्षित सहलीची आखणी जाण्यापासून सुरू करू नये, परतण्यापासून उलटी करत आणावी. परतताना पाणी आपल्या बाजूने हवे. म्हणजे भरती चढत असली पाहिजे. परतताना उजेड हवा आणि दुपारचा खारा वारा जोर धरण्याआधी काठ गाठायला हवा. म्हणजे अकराच्या आत. तर मग सकाळी नऊ-साडेनऊला ओहोटी संपते असा दिवस कोणता? पूर्ण भरती त्या दिवशी साडेतीन-चारला हवी. आजोबांचे गणित उलटे फिरवा: पंचमी किंवा षष्ठी. शुद्ध वा वद्य, कोणतीही. पौर्णिमेच्या उधाणाचा जोरही तोवर ओसरू लागलेला असतो. साडेसातला निघावे, ओहोटीची शेवटची मंद ओढ आपल्याला हळूहळू बाहेर नेते. पाणी थबकते त्या अर्ध्या-पाऊण तासात गळ टाकावा आणि पाणी फिरले की, मासा लागो न लागो, होडीचे तोंड फिरवावे. फक्त उतरायची जागा ओहोटीतही चिखलात जात नाही ना, हे आदल्या दिवशी पायी जाऊन पाहावे. मढ, मार्वे, मनोरी, गोराई, सगळीकडे दर शंभर पावलांवर काठ बदलतो.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. जॅकेट अंगात आणि बंद बांधून. होडीत ठेवलेले जॅकेट म्हणजे घरी ठेवलेले जॅकेट. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळून कितीतरी प्रवासी दगावले, आणि त्यानंतर तेथील बोटींवर जॅकेट सक्तीचे झाले. आपल्याकडे सक्ती ही अशी नंतर येते. कायाक उलटली तर पुन्हा चढण्याचा सराव आधी कमरेइतक्या पाण्यात दहा वेळा करावा. नांगराची दोरी होडीच्या पुढच्या किंवा मागच्या टोकालाच हवी, आणि झटक्यात सोडता येईल अशी. ती कापायला सुरी हाताशी असावी. शिटी गळ्यात, मोबाइल पाणी न शिरणाऱ्या पिशवीत आणि त्यात तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक. एकट्याने कधीच जाऊ नये. शिंगाळा आणि पाकट गळाला लागले तर हात न लावता दोरी कापून द्यावी; काट्याची हौस आम्ही सर्वांच्या वतीने भागवून घेतली आहे. वर्सोव्याच्या बाजूला गेलात तर वांद्रे-वर्सोवा सागरी सेतूच्या कामाचे तराफे आणि खांब यांच्यापासून चांगले लांब राहावे, कारण खांबाभोवती पाणी वळते आणि होडीला खांबाकडेच नेते.

आणि जाण्याआधी काठावर कुणाला तरी सांगून जावे: किती जण, कुठवर, किती वाजता परत. ही औपचारिकता नाही. २६ नोव्हेंबर २००८ ला दहशतवादी ‘कुबेर’ ही मच्छीमारांची बोट बळकावून मुंबईत शिरले, तेव्हापासून अनोळखी होडी म्हणजे चौकशी हे या किनाऱ्याने मनावर घेतले आहे. सागरी पोलीस आणि कोळीवाडा या दोघांना आपण कोण हे ठाऊक असले, तर ते संशयाने पाहण्याऐवजी काळजीने पाहतात.

आमच्यातल्या एका कायदेपंडिताने शोध लावला होता की १ जून ते ३१ जुलै ही मासेमारीबंदी इंजिनाच्या होड्यांना आहे, कायाकला इंजिन नाही, सबब पावसाळ्यात आपल्याला मोकळे रान आहे. हे आजोबांना सांगितले तेव्हा ते पहिल्यांदा मोठ्याने हसले. बंदी माशांच्या विणीसाठी आहे तशी ती माणसांच्या जिवासाठीही आहे, आणि ज्या दिवसांत मोठमोठ्या बोटी किनाऱ्याला ओढून ताडपत्रीखाली झाकून ठेवतात त्या दिवसांत प्लॅस्टिकचे दहा फुटी टरफल घेऊन कुणी जाऊ म्हणत असेल तर त्याच्याशी कायद्याची चर्चा काय करायची! २०२३ साली जूनमध्ये जुहूला आणि जुलैत मार्व्याला मुले बुडाली. ती तर होडीतही नव्हती, नुसती पाण्याशी खेळत होती.

इथे आमचे प्राध्यापक म्हणतील, आणि त्यांना तो हक्क आहे, की तू स्वतःच बंदीच्या बाजूने पुरावा गोळा करतो आहेस. एवढे धोके आहेत तर सूचनाफलकावरचा कागद काय वाईट? त्या कागदामागची काळजी मला कळते. आम्ही परतलो त्या रात्री आमच्या एका सरांनी पाचही घरी स्वतः फोन केले होते, हे मी विसरलेलो नाही. पण त्या कागदाने काय साधले ते पाहा. सहली थांबल्या नाहीत. सांगून जाणे थांबले. परवाच प्रथम वर्षाची काही मुले ‘लायब्ररीत अभ्यास’ असे घरी सांगून आक्साला गेली होती. त्या दिवशी तिथी कोणती होती हे त्यांना विचारले तर तेही रविवारच सांगतील.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लाइम बे नावाचा उपसागर आहे. २२ मार्च १९९३ रोजी आठ शाळकरी विद्यार्थी, त्यांचे एक शिक्षक आणि दोन प्रशिक्षक कायाक घेऊन तेथून जवळच्याच गावाला निघाले होते. दुपारपर्यंत पोचायचे होते. वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत होता, त्याने त्यांना बाहेर नेले. होड्या पाण्याने भरल्या, मदतीचा इशारा द्यायला साधने नव्हती आणि किनाऱ्यावरून मदत मागितली गेली ती फार उशिरा. चार विद्यार्थी मेले. संबंधित केंद्राच्या चालकाला तुरुंगवास झाला. त्या देशालाही सर्व शाळांना समुद्रबंदी करणे सोपे होते. त्यांनी १९९५ साली कायदा केला: मुलांना अशा साहसावर नेणाऱ्या केंद्राने परवाना घ्यावा, तपासणी करून घ्यावी, प्रशिक्षक लायक आहेत हे दाखवावे. मुले तिथे आजही कायाकमधून जातात. आपल्यापेक्षा त्यांचे समुद्रावर अधिक प्रेम आहे असे नाही. जबाबदारी कुणाची, एवढे त्यांनी लिहून ठेवले.

कायाक हा शब्दच मुळी उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांचा आहे. सीलच्या कातड्याची ती होडी, वापरणाऱ्या शिकाऱ्याच्या अंगाच्या मापाने बेतलेली. तिच्यात बसणारा पोरगा आधी बापाबरोबर बर्फ, वारा आणि पाणी ओळखायला शिके. आम्ही ती होडी उचलून आणली, शिकणे तिथेच ठेवले. आणि ते शिकवू शकणारी माणसे कुठे दूर आहेत का? आपल्या वर्गखोलीच्या खिडकीतून वारा योग्य असेल तर सुक्या बोंबलाचा वास येतो. त्या वासाला नाक मुरडून आपण खिडकी लावतो. वर्सोवा, मढ, मनोरी, गोराई येथले नाखवे आपल्या महाविद्यालयात आजवर एकदाच आले, तेही वार्षिक स्नेहसंमेलनात कोळीनृत्यासाठी टोप्या भाड्याने द्यायला. त्यांना भूगोल विभागाने व्याख्यानाला का बोलावू नये? मानधन द्यावे, शाल-श्रीफळ द्यावे. नारळ तर नारळी पौर्णिमेला ते दरसाल समुद्राला देतातच, एखादा आपण त्यांना देऊ. जिमखान्याने जॅकेटे घ्यावीत. क्रिकेटच्या दोन चांगल्या बॅटींच्या पैशात चार-पाच येतील. ज्याला पाण्यावर जायचे असेल त्याने आधी काठावर बसून तिथीवरून भरतीची वेळ काढून दाखवावी, उलटलेल्या होडीत चढून दाखवावे आणि पालकांची सही आणावी. ज्याला जमणार नाही त्याला सरांनी खुशाल नापास करावे.

आजोबांबरोबर आम्ही पुन्हा एकदा गेलो होतो, २०२५ च्या जानेवारीत, षष्ठी पाहून. या वेळी पाचांपैकी तिघेच; मुलुंडच्या मित्राला घरून परवानगी नव्हती आणि घाटकोपरकराला इच्छा नव्हती. सकाळी सातला मनोरीच्या काठावर उभे होतो. जॅकेटे बांधलेली, दोऱ्या जिथे हव्यात तिथे, पोलीस चौकीत नावे दिलेली. आजोबा पाच मिनिटे काही न बोलता पाण्याकडे पाहत राहिले. समुद्र मला तरी शांत दिसत होता. मग त्यांनी लांबवर बोट दाखवले. तिथे पाण्याचा रंग काळसर झाला होता आणि त्यावर बारीक पांढरे ठिपके होते. “आज नाय,” ते म्हणाले. “उत्तरेचा वारा आहे. अकरापर्यंत थांबणार नाय तो.”

“पण आजोबा, तिथी बरोबर आहे ना?” मी म्हणालो.

“तिथी बरोबर आहे म्हणून इथवर आलो. जायचं का, ते इथं आल्यावर ठरतं.”

आम्ही होड्या परत केल्या. होडीवाल्याने निम्मे भाडे कापून घेतले. त्यावर थोडी वादावादी झाली. मग धक्क्याजवळच्या टपरीवर वडापाव खाल्ले, आणि साडेदहाच्या सुमारास आजोबांनी मान वळवून खाडीच्या तोंडाकडे पाहायला सांगितले. तिथे आता ठिपके नव्हते, पांढऱ्या रेघा होत्या.